डोंबिवलीहून कोल्हापुरात राहायला आलोय, गाव आपलंसं कसं करायचं?

नवी_करवीरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही डोंबिवली सोडून कोल्हापुरात राहायला आलोय. मी वकील आहे, अपिलांची कामं बघते. ऑगस्ट 2025 मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि आमच्या ऑफिसकडच्या सांगली सोलापूर रत्नागिरीच्या सगळ्या फायली इकडे वळल्या, सिनियरनी विचारलं जातेस का, घरी बोलणं झालं आणि आलो. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर असल्यामुळे त्याला कुठूनही चालतं. घर कळंबा रोडला साळोखेनगरच्या बाजूला भाड्याने घेतलंय, हवेशीर आहे, गच्चीतून डोंगर दिसतात, घराबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही.

प्रश्न माणसांचा आहे. सासूबाईंचं अख्खं आयुष्य डोंबिवली पूर्वेला गेलं, तिथे त्यांचं भजनी मंडळ होतं, संध्याकाळी खाली बाकावर ठरलेल्या बायका असायच्या, लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं यायची. इथे त्या दिवसभर घरात असतात, बोलत नाहीत पण मला दिसतं ना. मुलगा सहावीत आहे, फुटबॉलवेडा, टीम सोडून यावं लागलं म्हणून अजून आमच्यावर रागावलेला आहे. धाकटी पाच वर्षांची, तिचं तसं बरं चाललंय, तिला शेजारची मांजर मिळाली.

अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, न्यू पॅलेस हे पाहुण्यांसारखं बघून झालंय. आता पाहुणे नाही ना राहिलो. तर इथे राहणारी माणसं काय करतात, कुठे जातात, मुलाला कुठे घालू, आईंना घेऊन कुठे जाऊ, सुट्टीच्या दिवशी जवळपास काय बघू, आणि एक भीती पण आहे, पावसाळ्यात पुराचं नेमकं काय असतं, टीव्हीवर 2019 आणि 2021 चं बघितलेलं डोक्यातून जात नाही. जे सुचेल ते सांगा, सविस्तर सांगितलंत तर फारच बरं.

गंगावेसचा_गडी

ताई पहिलं तुमच्या पोराचं सांगतो, कारण त्याचं औषध सगळ्यात सोपं हाय. फुटबॉलवेड्या पोराला तुम्ही कोल्हापुरात आणलंय, अहो अख्ख्या महाराष्ट्रात एवढ्या पेठापेठांनी फुटबॉल खेळणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. आत्ता सीझन चालू हाय, हिवाळ्यात सुरू होतो ते उन्हाळ्यापर्यंत चालतो, शाहू स्टेडियमवर मॅचा असतात. पाटाकडील, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, ही सगळी पेठेतल्या तालमींची नावं, कुस्तीच्या तालमी होत्या त्यांचेच पुढं फुटबॉलचे संघ झाले. पाटाकडील आणि दिलबहार किंवा शिवाजी आणि खंडोबा अशी मॅच असंल त्या दिवशी त्याला घेऊन जावा, आणि गॅलरीत बसवा, बाजूला बसलेला म्हातारा माणूस त्याला प्रत्येक प्लेअरचं खानदान सांगंल. घरी येताना पोरगं कुठल्यातरी एका टीमचं झालेलं असंल, आणि एकदा टीम ठरली की उद्या शाळेत बोलायला विषय मिळाला, भांडायला पण मिळाला. त्यातनंच दोस्ती हुते.

खेळायचं म्हणाल तर तुमच्या घरापासनं तपोवन मैदान जवळ पडतंय, सकाळी लवकर जावा, पोरं खेळत असतात, तिथं प्रॅक्टिस घेणाऱ्याला विचारा. गावात आला तर गांधी मैदान हाय, मेरी वेदर हाय. फॉर्म भरून फी देऊन क्लास लावायच्या आधी महिनाभर नुसतं मैदानावर सोडा त्याला, माझं मत हाय.

आणि एक, सगळ्यांनी मिळून एकदा संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला या. कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. धाकटीला लई आवडंल. म्हशीची भीती वाटत असंल तर मांजरीसंगट सराव झालाच हाय म्हणा.

कुस्तीत पोराला रस असंल तर खासबाग मैदान बघून ठेवा. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं, युरोपात गेले होते तेव्हा रोमचं कलोसियम बघितलं होतं, त्यावरनं मनात घेतलं असं आमच्याकडं सगळे सांगतात. मधला हौदा खोलगट आणि चौफेर बसायला उतार, कुठंही बसा कुस्ती दिसतेच.

सातवी_गल्ली

मी राजारामपुरीत राहते, निवृत्त शिक्षिका आहे, माझं सासर माहेर दोन्ही इथलंच. तुझ्या सासूबाईंबद्दल वाचून लिहायला बसले.

बाळ, त्यांना आधी करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जा. भवानी मंडपाच्या जवळ आहे, 1850 ची संस्था आहे, म्हणजे विचार कर. ज्या बाईला आठवड्याला दोन पुस्तकं लागतात तिला घरात बसवून ठेवायचं नाही, सभासद करून टाक, आणि मुख्य म्हणजे पुस्तक तू बदलून आणू नकोस, त्यांना जाऊ दे. रिक्षाने जातील येतील. पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका ठरलेल्या असतात, दुसऱ्या तिसऱ्या वेळेला कुणीतरी विचारतंच, कुठल्या तुम्ही, नवीन दिसताय. तिथून अंबाबाईचं देऊळ दोन पावलांवर, मग दर्शन घ्यायचं, कपिलतीर्थात भाजी घ्यायची आणि घरी, अशी त्यांची एक फेरी ठरून जाईल. घराबाहेर पडायला माणसाला स्वतःचं काम लागतं, कुणीतरी फिरवायला नेणं वेगळं.

अंबाबाईला तुम्ही जाऊन आलात असं लिहिलंयस पण किरणोत्सव पाहिलात का? येत्या 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला आहे, वर्षातून दोनदा असतो, दुसरा नोव्हेंबरात 9, 10, 11 ला. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा धुरकट हवा असली तर किरणं पोचत नाहीत, पण पोचली की सगळं देऊळ एकदम गजर करतं. गर्दी असते, आईंना उभं राहणं जमत नसेल तर बाहेर स्क्रीनवर दाखवतात तिथे बसा, साडेपाचलाच पोचा. बाजूला बसलेल्या बायकांशी ओळख होतेच होते, मी सांगते ना.

गाण्याची आवड असेल तर गायन समाज देवल क्लबचे कार्यक्रम असतात, अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात अजून कान तयार असलेली माणसं आहेत. आणि माझ्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कलादालन आहे, त्यांनी स्वतःचं घर आणि चित्रं दिली, शांत जागा आहे, बघून मग माझ्याकडे चहाला या, अगदी खरं म्हणतेय, मेसेज कर.

एक घरगुती सांगून ठेवते. मार्च एप्रिल आला की शेजारणी विचारायला लागतील, चटणी केली का? आमच्याकडे वर्षाची कांदा लसूण चटणी तेव्हा करतात, मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, खोबरं कांदा भाजायचा आणि डंकावर जाऊन कांडून आणायची. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरची कुठली घ्यायची हे शेजारणीलाच विचारा, माहीत असलं तरी विचारा, आणि आईंना मध्ये घाला. देठं खुडायला चार बायका बसल्या की संध्याकाळ कुठे गेली कळत नाही.

बंधारा_43

पुराचं मी सांगतो, पाटबंधारे खात्याशी कामानिमित्त बराच संबंध आला आहे.

घाबरून जाऊ नका पण समजून घ्या. कोल्हापुरात पुराची भाषा फुटात असते. कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे, तिथली पंचगंगेची पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 फूट झाली की धोका. पावसाळ्यात इथला प्रत्येक माणूस सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हा आकडा बघतो, तुम्हीपण बघायला लागाल. शहरात किती पाऊस पडतोय त्यावरून काही कळत नाही, खरा पाऊस पडतो तो राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी भागात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्या नद्या चिखलीच्या प्रयागापर्यंत एकत्र होतात, पंचगंगा तिथे सुरू होते आणि म्हणून चिखली आणि आंबेवाडी ही गावं सगळ्यात आधी पाण्यात जातात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. किती दरवाजे उघडले ही बातमी आली की पुढचं पाणी यायला मध्ये काही तास मिळतात, ते तास लोक बरोबर वापरतात.

शहरात पाणी येतं ते मुख्यतः नदीकाठी आणि जयंती नाल्याच्या फुगवट्याने. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा, व्हीनस कॉर्नर ही नावं लक्षात ठेवा. तुमचं कळंबा साळोखेनगर उंचावर आहे, घरात पाणी शिरायची भीती नाही. कोर्टाला जाताना संभाजीनगर, मिरजकर तिकटी, बिंदू चौक असं या, स्टेशनकडून फिरून येऊ नका.

त्रास होतो तो वेगळा. हायवेवर शिरोलीजवळ पाणी आलं की पुण्याकडचा रस्ता बंद, 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा झालं, मग दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची ओढाताण. पूर्वी नदीवरची उपसा केंद्रंच बुडायची, म्हणजे गावाला पाण्याचा वेढा आणि नळ कोरडे. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी आलं, त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. तरी जुलैच्या सुरुवातीला आठवड्याचा किराणा, आईंची महिन्याची औषधं, पिण्याचं थोडं पाणी भरून ठेवत जा. जुलै ऑगस्टमध्ये मुंबईला तारीख असेल तर दोन दिवस हातात ठेवून निघा.

नवी_करवीरकर

किती मनापासून लिहिताय सगळे. काकू, तुमचं उत्तर आईंना वाचून दाखवलं, 1850 ऐकून त्या म्हणाल्या की मग जुनी मासिकं असतील का गं तिथे. एवढं बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारलं. @बंधारा_43, आकडा कुठे बघायचा?

बंधारा_43

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून पावसाळ्यात रोज पातळी जाहीर होते, स्थानिक पेपर आणि न्यूज चॅनलवाले तासातासाला टाकत असतात. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर इतक्या वेळा येईल की शोधावा लागणार नाही.

आठ_वर्षं_कोल्हापूर

मी पुण्याहून बदली होऊन आलो आणि इथेच राहिलो. वरची सगळी उत्तरं चांगली आहेत पण ती जन्माने इथल्या लोकांची आहेत, म्हणून बाहेरून आलेल्याचं एक सांगतो. गंगावेस, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ इथली माणसं जीव लावणारी आहेत यात वाद नाही, पण पेठेतली दोस्ती चार पिढ्यांची असते, तुम्ही मॅच बघून आलात म्हणून लगेच आत घेतील असं होत नाही. मदतीला मध्यरात्री धावून येतील, ते मी पुरात बघितलंय, अनोळखी लोकांनी घरातलं सामान डोक्यावर वाहून नेलेलं. पण मनातलं बोलायला वेळ लागतो. त्यामुळे मुलगा महिन्याभरात रुळला नाही तर काळजी करू नका, आणि त्याला डोंबिवलीच्या मित्रांशी बोलू द्या भरपूर, सुट्टीत महालक्ष्मी एक्सप्रेसने पाठवा, रात्री बसला की सकाळी कल्याण. जुनं तुटलं नाही ही खात्री असली की पोरं नव्याकडे बघतात, माझ्या मुलीच्या बाबतीत तसंच झालं.

दुसरं म्हणजे दर रविवारी गाडी काढून पन्नास किलोमीटर जायची गरज नाही. आम्ही सुरुवातीला कळंबा तलावावर रोज चालायला जायचो, तुम्हाला तर जवळच आहे. थंडीत पक्षी चांगले असतात. एकाच वेळेला एकाच जागी दिसत राहिलं की लोक हात करायला लागतात. आमचे सगळ्यात जवळचे स्नेही त्या तलावावरचेच.

गंगावेसचा_गडी

साहेब चार पिढ्यांचं म्हणता ते खरं हाय, नाकारत न्हाई. पण पोरांचं वेगळं असतंय, त्यांना पिढ्या लागत न्हाईत, बॉल लागतो. ताई तुम्ही आणाच त्याला.

नृसिंहवाडी_मार्गे

जवळपास फिरायचं राहिलंच की. मला आवडणाऱ्या तीनच जागा सांगतो, यादी सगळ्यांकडे असते.

खिद्रापूर. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, दीड तास धरा. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं, बाहेरून खाली दगडी हत्तींची ओळ आणि त्यांच्या पाठीवर देऊळ उभं. पुढे स्वर्गमंडप आहे, 48 खांब आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा, वर आकाश. मुलांना खाली गोल दगडावर उभं करून वर बघायला सांगा. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, नंदी पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, ती गोष्ट तिथला कुणीही सांगेल. सकाळी लवकर निघालात तर जाताना नृसिंहवाडीला कृष्णा पंचगंगेच्या संगमावर आईंचं दत्तदर्शन होतं आणि बासुंदी कवठाची बर्फी मिळते.

दुसरं अगदी तुमच्या कोर्टापासून चालत, टाऊन हॉलचं म्युझियम. येताजाता दिसतं म्हणून कुणी आत जात नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं तेव्हा पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार कुठवर होता त्याचा तो पुरावा. मुलगा सहावीत आहे म्हणजे इतिहास आहेच अभ्यासाला. म्युझियम बघून पंचगंगा घाटावर जा, ब्रह्मपुरी तिथेच बाजूला. पुस्तकात वाचलेलं आणि पायाखालची जमीन एकच आहे हे कळलं की गाव पोरांच्या अंगात भिनतं.

तिसरं गुऱ्हाळ, आणि हे आत्ताच करायला हवं, उन्हाळा लागला की संपलं. पूर्वी प्रत्येक गावात असायची, आता साखर कारखान्यांपुढे बरीच बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं. जी चालू आहेत ती बघून घ्या. रस काहिलीत उकळतो, वरची मळी काढतात, रस दाट होत होत काकवी होते आणि मग गूळ, कधी उतरवायचं हे गुळव्या नुसत्या बुडबुड्यावरून ओळखतो.

पन्हाळा झालाय म्हणालात, जुलै 2025 मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून रविवारी गाड्यांची रांग असते, तेव्हा पुढच्या वेळी मधल्या वारी जा आणि तीन दरवाज्यावरून पुढे मसाई पठाराकडे वळा. राधानगरी दाजीपूरचे गवे पावसाळ्याआधी.

नवी_करवीरकर

सगळ्यांना उत्तर देते. काकू, वाचन मंदिरात काल आईंना सभासद केलं, पुढच्या वेळी एकट्या जाणार म्हणाल्यात, आणि तुमच्याकडे चहाला नक्की येतोय, आईंनीच वार ठरवलाय, मेसेज करते. किरणोत्सवाला 1 तारखेला जाऊ, रविवार आहे. मुलगा तपोवनवर दोनदा जाऊन आला, अजून फार बोलत नाही, पण बूट घासून ठेवलेत दाराशी. @आठ_वर्षं_कोल्हापूर, मित्रांशी बोलू द्या हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आम्ही उलट फोन कमी कर म्हणत होतो. मे महिन्यात त्याला पाठवतोच.

@नृसिंहवाडी_मार्गे, गुऱ्हाळ येत्या रविवारीच करायचं म्हणतोय. असंच जाऊन उभं राहिलं तर चालतं का? कुठल्या बाजूला जाऊ, आणि किती वाजता?

नृसिंहवाडी_मार्गे

चालतं की. पन्हाळा रोडला निघा, चिमणीतून धूर दिसला की गाडी बाजूला घ्या आणि आत जाऊन विचारा, नाही कुणी म्हणत नाही. सकाळी सात साडेसातला पोचा, तेव्हा कामाची घाई कमी असते आणि माणसं बोलतात. धाकटीचा हात धरून ठेवा, काहिलीजवळ जमीन निसरडी असते. काकवीसाठी घरून स्टीलचा डबा न्या, गरम असते, प्लास्टिकची बाटली वाकते. गूळ घ्यायचा तर गडद रंगाचा मागा, पिवळाधमक नको. आणि रस प्यायला देतील त्याचे पैसे घेणार नाहीत बहुतेक, म्हणून गूळ त्यांच्याकडूनच घ्या.